डोळ्याची साल किती ताठ?

दिवाळीची सुट्टी लागली की आमची स्वारी दौलताबादला, मामांकडे. त्या दिवसांत गडाच्या पायथ्याशी, वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या असतात. मामांचीही थोडी झाडं आहेत. एकेक फळ हातात घ्यायचं, अंगठ्यानं हलकंच दाबायचं आणि निकाल सांगायचा. "हे आज खा. हे परवा. आणि हे तुमच्या पिशवीत टाका, पुण्याला पोचेपर्यंत होईल." मामांचा निकाल सहसा चुकत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. तिनं एक सीताफळ दाबलं नि विचारलं, "मामाआजोबा, हे घट्ट लागतंय. ते आतून कच्चं आहे म्हणून, की याची सालच जाड आहे म्हणून?"

मामा जरा थांबले. "साल जाड असली तरी घट्ट लागतंच की."

"मग तुम्हाला कसं कळतं?"

"हाताला कळतं बाई. पन्नास वर्षं दाबतोय!"

ती काही गप्प बसली नाही, पण मामांकडे यापुढे उत्तर नव्हतं. मित्रांनो, हा प्रश्न लक्षात ठेवा हं. दोनच आठवड्यांनी तो आम्हाला भलत्याच ठिकाणी भेटणार होता.

त्याच दिवशी दुपारी आम्ही गडावर गेलो. मामांना दौलताबादचा किल्ला पाठ आहे. चांद मिनार, मेंढ्याच्या तोंडाची तोफ, खंदक, आणि मग ती प्रसिद्ध अंधारी! कातळात कोरलेला वळणावळणाचा काळोखा बोगदा. शत्रू आत शिरला की त्याला दिशाच कळू नये, म्हणून केलेली युक्ती. आम्ही बॅटरीच्या उजेडात चाचपडत होतो आणि मामा पुढे सरसर चालले होते. एकसष्ट वर्षांचा माणूस, पण एक पायरी चुकली नाही.

आणि खाली उतरून रस्त्यावर आलो तर काय? लख्ख उजेडात, डाव्या बाजूला ठेवलेल्या पाटीवर मामा सरळ जाऊन आदळले! सीताफळं रस्ताभर. विकणाऱ्या बाई ओरडल्या. मामा उलट त्यांच्यावरच रागावले, "मधोमध कशाला ठेवायची पाटी?"

पण पाटी मधोमध नव्हती. चांगली कडेला होती. आम्ही सगळ्यांनी पाहिली होती.

घरी आल्यावर मामींनी एकेक सांगायला सुरुवात केली. जेवताना डावीकडचं पाण्याचं भांडं लवंडतं. बाजूनं स्कूटर आली की मामा दचकतात. घरात, शेतात, गडावर काही होत नाही, कारण तिथली जागा न् जागा पायांना माहीत आहे. नवीन वस्तू वाटेत आली की घोटाळा. घरच्यांनी ठरवून टाकलं होतं, मोतीबिंदू असणार. "पिकू द्या, मग काढू." बरं, आदल्या वर्षी एकीकडे डोळे तपासले होते. डोळ्याचा दाब १७ आला होता. "नॉर्मल" असा शेरा मिळाला आणि तो कागद कपाटात गेला.

दिवाळी झाल्यावर आम्ही मामांना छत्रपती संभाजीनगरला डोळ्यांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मोतीबिंदू नव्हता. काचबिंदू होता. डाव्या डोळ्यात बराच पुढे गेलेला.

आता नावं सारखी वाटली तरी या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून नवं बसवलं की पुन्हा दिसतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस खराब होते. ती नवी बसवता येत नाही. म्हणून काचबिंदू 'पिकू द्यायचा' म्हणजे दृष्टी हातानं घालवायची.

नस खराब का होते? त्यासाठी डोळ्यातलं पाणी समजून घेऊ. हे अश्रूंचं पाणी नव्हे बरं का. डोळ्याच्या आत, पुढच्या भागात, एक स्वच्छ द्रव सतत तयार होतो. किती? एक थेंब भरायला वीस मिनिटांहून जास्त लागतात, इतका सावकाश. तेवढाच द्रव बारीक वाटांनी बाहेरही जातो. गच्चीवरच्या टाकीत नळ चालू आहे आणि खालून तेवढंच पाणी निघून जातंय, तसं. त्यामुळे डोळा चेंडूसारखा टम्म राहतो. हा आतला दाब बहुतेकांत पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरएवढा असतो. ऐकायला अवघड वाटतं ना? वीतभर उंच पाण्याचा तळाशी जेवढा दाब पडतो, साधारण तेवढाच तो. पण बाहेर जायची वाट तुंबली की दाब वाढतो.

डोळ्याच्या मागे ही नस जिथून बाहेर पडते तिथे चाळणीसारखी एक नाजूक चकती असते. दहा-बारा लाख धागे त्या चाळणीतून मेंदूकडे जातात. दाब वाढला की चाळणी मागे रेलते, धागे चिमटतात आणि एकेक करून मरतात. दुखत नाही, खुपत नाही, डोळा लालही होत नाही. (काचबिंदूचा आणखी एक प्रकार आहे. त्यात एकदम डोळा लाल होतो, डोकं भयंकर दुखतं, उलट्या होतात. तिथे मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो.)

तुम्ही म्हणाल, दिसेनासं झालं तर माणसाला कळणार नाही का? तर नाही कळत! पटत नसेल तर एक प्रयोग करा. कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटीमीटरवर एक ठळक ठिपका. डावा डोळा हातानं झाका. उजव्या डोळ्यानं फक्त फुलीकडे बघा आणि कागद हळूहळू जवळ आणा. साधारण एक फुटावर आला की ठिपका गायब! तिथे काळं भोक दिसतं का? नाही. कोरा कागदच दिसतो. नस जिथून बाहेर पडते तिथे डोळ्याला दिसतच नाही, आणि मेंदू ती जागा आजूबाजूच्या रंगानं भरून टाकतो. काचबिंदूतही असंच होतं. अंधारीत शिरताना निदान कळतं तरी की अंधार आहे. मामांच्या डाव्या बाजूला अंधार नव्हताच. तिथे मेंदूनं रंगवलेला रिकामा रस्ता होता. पाटी तेवढी त्यात नव्हती.

पण मग दाब १७ कसा? १७ म्हणजे अगदी ठीक. मी डॉक्टरीणबाईंना तेच विचारलं. त्यांनी उलट मला विचारलं, "सायकलच्या चाकात हवा किती आहे, ते तुम्ही कसं बघता?"

"अंगठ्यानं दाबून."

"आणि टायर नवं कोरं, जाडजूड असेल तर?"

तर हवा कमी असूनही चाक घट्ट लागेल. आणि टायर जुनं, झिजलेलं असेल तर हवा पुरेशी असूनही मऊ लागेल. माझी मुलगी शेजारीच बसली होती. ती ताडकन म्हणाली, "म्हणजे सीताफळाची साल!"

अगदी तेच. डोळ्याचा दाब मोजायचा तर आत सुई खुपसून मोजता येत नाही. बाहेरूनच दाबून बघावं लागतं. जुन्या काळी डॉक्टर मिटलेल्या पापणीवर दोन बोटं ठेवून अंदाज घेत. (तुम्ही मात्र आपला डोळा दाबून बघू नका!) १९०५ साली नॉर्वेच्या श्योत्स या डॉक्टरांनी एक छोटं उपकरण काढलं. रोग्याला निजवून ते डोळ्यावर ठेवायचं आणि वजनानं डोळा किती दबतो ते काट्यावर वाचायचं. मग १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये बर्न शहरातल्या हान्स गोल्डमान यांनी जे यंत्र केलं, ते आजही जगभर प्रमाण मानलं जातं. डोळा बधिर करणारा थेंब घालतात, पिवळा रंग लावतात आणि निळ्या उजेडात एक छोटा पारदर्शक दांडा डोळ्याच्या पुढच्या काचेला टेकवतात. या काचेला तुमच्या पुस्तकात पारपटल म्हटलंय. पारपटलावरचं ३.०६ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ सपाट व्हायला किती जोर लागला, ते मोजायचं.

३.०६ च का? मला याची फार मौज वाटली. पारपटल थोडं ताठ असतं, ते दांड्याला मागे ढकलतं. डोळ्यावरचं पाणी मात्र दांड्याला आपल्याकडे ओढतं. या मापाचं वर्तुळ घेतलं की ढकलणं आणि ओढणं एकमेकांना जवळजवळ फेडून टाकतात. वर हिशेबही सोपा होतो, एक ग्रॅम जोर म्हणजे १० मिलिमीटर दाब! केवढं डोकं चालवलंय बघा.

मात्र यात एक गोष्ट गृहीत धरली होती. ती म्हणजे, सगळ्यांचं पारपटल साधारण सारख्याच जाडीचं असतं. जाडी बदलली तर आकडा चुकेल, हे स्वतः गोल्डमाननाही ठाऊक होतं. पण तसे लोक फारच थोडे असतील, असं त्या वेळी वाटलं. जाडी सहज मोजणारी यंत्रं पुढे आली तेव्हा कळलं, की थोडे कसले, भरपूर आहेत!

आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण घ्या. २००६ ते २००९ या काळात नागपूरचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे डॉ. योस्ट योनास यांच्या गटानं नागपूरजवळच्या खेड्यांत तीस वर्षांवरच्या ४,७११ लोकांचे डोळे तपासले. पारपटलाची सरासरी जाडी निघाली ५१४ मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. युरोपातल्या लोकांत ती ५४० च्या आसपास येते. आणि सगळे काही सरासरीला चिकटून नव्हते. एकाच पंगतीत बसणाऱ्या माणसांत कुणाची ४८०, कुणाची ५५०. ज्यांचं पारपटल जाड, त्यांच्या दाबाचा आकडाही जास्त दाखवला जातो, असं तिथेही दिसलं.

मामांची जाडी मोजली. ४७२ मायक्रॉन. झिजलेलं टायर! म्हणजे १७ हा आकडा खरा नव्हता, खरा दाब त्याहून जास्त असणार. मी कागद-पेन काढून विचारलं, "मग खरा किती? २०? २२?"

बाईंनी आकडा सांगितला नाही. त्या वेळी मला जरा राग आला होता. पण कारण ऐकलं आणि पटलं. जाडीवरून दाब दुरुस्त करायची कोष्टकं आहेत, पण एकेका माणसाला ती भरवशाची नाहीत. कारण जाडी म्हणजे ताठपणा नव्हे. दोन दारं एकाच जाडीची असू शकतात, एक सागवानी आणि एक आंब्याच्या फळीचं. ढकलल्यावर दोन्ही सारखी वाकतील का? पारपटल बनतं ते कोलॅजेन नावाच्या चिवट धाग्यांचं. हे धागे कसे विणलेत, एकमेकांना किती घट्ट बांधलेत, वयानं किती कडक झालेत, यावर ताठपणा ठरतो. तो फूटपट्टीनं मोजता येत नाही.

मग कशानं मोजायचा? वाऱ्यानं! २००५ च्या सुमारास असं एक यंत्र आलं. हनुवटी टेकवून बसायचं, आणि डोळ्यावर 'फुस्स' करून हवेचा झोत येतो. मामा पहिल्यांदा केवढे दचकले! झोतानं पारपटल आत दबतं, आधी सपाट होतं, मग किंचित खोलगट. झोत ओसरला की परत येताना पुन्हा एकदा सपाट होतं. जाताना सपाट व्हायला जेवढा जोर लागला, त्यापेक्षा येताना कमी जोरावर ते सपाट होतं. मधला फरक गेला कुठे? तो पारपटलानं गिळला. स्पंज दाबून सोडला की तो रमतगमत वर येतो आणि रबरी चेंडू टुणकन, तसाच काहीसा प्रकार. ही धक्का गिळायची ताकद ज्यांच्या डोळ्यात कमी, त्यांचा काचबिंदू पुढे सरकण्याची भीती जास्त, असं बऱ्याच अभ्यासांत आढळलंय. दुसऱ्या एका यंत्रात तर कॅमेराच असतो, सेकंदाला चार हजारांहून जास्त चित्रं टिपणारा. डोळ्यावर झोत येतो तो जेमतेम सेकंदाचा तिसावा भाग, पण पडद्यावर तो खड्डा पडताना आणि भरताना सावकाश बघता येतो. मुलीनं मामाआजोबांचा डोळा तीनदा बघितला.

यापुढची युक्ती तर डोळ्याला फुंकरही न घालणारी आहे. सर सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात लावलेला शोध तुम्हाला माहीत आहे. पदार्थातून विखुरताना प्रकाशाचा रंग किंचित बदलतो. त्याच्या थोडं आधी, १९२२ मध्ये, फ्रान्सच्या ब्रियुआं यांनी असाच एक बदल सांगितला होता. पदार्थात सतत चालू असलेल्या अतिसूक्ष्म कंपनांमुळे होणारा. पदार्थ जितका ताठ, तितका हा बदल मोठा. बोस्टनमधल्या शास्त्रज्ञांनी यावरून सूक्ष्मदर्शक बनवला आणि डोळ्यावर मंद प्रकाश टाकून, कुठलाही स्पर्श न करता, पारपटल कुठे ताठ नि कुठे मऊ याचा नकाशाच काढला. असली यंत्रं साध्या दवाखान्यात मिळत नाहीत, प्रयोगशाळांत आहेत.

एवढा खटाटोप निव्वळ एक आकडा दुरुस्त करण्यासाठी नाही. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. दाब जास्त, पण नस अजून शाबूत, अशा सोळाशेहून अधिक लोकांवर पाच वर्षांहून जास्त काळ लक्ष ठेवलं होतं. ज्यांचं पारपटल ५५५ मायक्रॉन किंवा त्याहून पातळ होतं, त्यांना काचबिंदू होण्याचा धोका ५८८ हून जाडवाल्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. यातलं थोडं चुकीच्या आकड्यामुळे असेल. पण काही संशोधकांना वाटतं की पुढची काच आणि मागची चाळणी एकाच जातीच्या धाग्यांची आहे. चाळणी आपल्याला चाचपता येत नाही. मग पुढच्या काचेवरून मागच्या चाळणीची ताकद ओळखता येईल का? याचा शोध चालू आहे, आणि याचं उत्तर मिळालं तर एकाच दाबाला एकाची नस का टिकते आणि दुसऱ्याची का मरते, हे कोडं सुटेल. दाब खरोखर ठीक असूनही नस खराब होणारे रोगी आपल्या देशात पुष्कळ आहेत. मामा त्यातले असतील, की पातळ पारपटलानं फसवलेले? बाई म्हणाल्या, "थोडे हे, थोडे ते. उपचार एकच, दाब आणखी खाली आणायचा."

पालकांसाठी बाईंनी दोन-तीन गोष्टी बजावून सांगितल्या. चष्मा घालवायची लेझरची शस्त्रक्रिया झाली असेल तर पारपटल पातळ झालेलं असतं, पुढे आयुष्यभर दाब कमी दाखवला जाऊ शकतो. म्हणून त्याचे कागद जपायचे आणि प्रत्येक डॉक्टरला सांगायचं. उन्हाळ्यात मुलांचे डोळे खाजतात, म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर थेंब आणून महिनोन् महिने घालतात. त्यात स्टेरॉईड असेल तर लहान मुलांच्या डोळ्यातही दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. आणि तान्ह्या बाळाचे डोळे फार मोठे दिसत असतील, सारखे पाणावत असतील, उजेडाकडे बघवत नसेल, तर 'किती टपोरे डोळे!' म्हणून कौतुक करत बसायचं नाही. बाळाचा डोळा अजून कोवळा असतो. दाब वाढला की तो फुग्यासारखा ताणून मोठा होतो. मोठ्यांचा तसा होत नाही. इथेही ताठपणाचाच खेळ!

काचबिंदू घराण्यात चालू शकतो. त्यामुळे मामांच्या पाठोपाठ माझ्या आईची तपासणी झाली, मग धाकट्या मामांची, मग आम्हा भावंडांची. फक्त दाब नाही, नस बघून, जाडी मोजून. आईच्या डोळ्यात सुरुवात सापडली. तिला स्वतःला काहीही कळलं नव्हतं. थेंब लगेच सुरू झाले, आणि तिचं अजून सगळं शाबूत आहे.

मामांचं गेलेलं परत आलं नाही. येतही नाही. रात्री नऊ वाजता मामी थेंब घालतात, सहा महिन्यांनी पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात डोकं घालून बाजूचे दिवे दिसले की बटण दाबायची परीक्षा असते. मामा तिला 'चाचणी परीक्षा' म्हणतात आणि निकाल लागेपर्यंत चहा घेत नाहीत. गेल्या तीन वेळा निकाल जिथल्या तिथे आहे. रस्ता ओलांडताना मात्र ते आता मान पुरती डावीकडे वळवून बघतात.

गेल्या दिवाळीला आम्ही पोचलो तर मामा ओट्यावर पाटी घेऊन बसले होते. मुलगी आता कॉलेजात जाते. तिला जवळ बोलावलं आणि एक सीताफळ तिच्या हातात दिलं. "तू मागं विचारलं होतंस ना, साल जाड की आत कच्चं, कसं कळतं? मी लक्ष देऊन बघितलं, माझा हात काय करतो ते. नुसतं दाबायचं नाही. अंगठा उचलल्यावर खड्डा किती वेळ राहतो, ते बघायचं."

तिनं दाबलं, अंगठा उचलला आणि दोघं वाकून त्या फळाकडे बघत बसले.